जिन्याखालचे दोन गोल

वेणूबाईला नकाशा वाचता येत नव्हता, पण शेगडी ओळखता येत होती. सगळा घोळ तिथंच झाला.

नाही तर त्या रविवारी नारायण पेठेतल्या त्या पडक्या घरात सगळं कसं गोडीगुलाबीनं चाललं होतं. विटांच्या दोन थप्प्यांवर एक निखळलेलं दार आडवं टाकून त्यावर आम्रपालीनं नकाशा पसरला होता. ही आम्रपाली म्हणजे घराची दुरुस्ती करून देणारी आर्किटेक्ट. सून तेजस्विनीच्या ओळखीची, अंगानं किरकोळ आणि बोलायला चटपटीत. भिंतींचे पोपडे पडून पडून कडेला ढीग झालेले, छताच्या कोपऱ्यात ओल उतरलेली, खिडकीची चौकट वाळवीनं पार पोखरलेली. पण पोरगी अशी बोलत होती की जणू उद्याच वास्तुशांत.

"इथे हॉल. ही मधली भिंत जाते. आणि हे किचन, काकू. चार बर्नरची शेगडी, खिडकी पूर्वेला."

वेणूबाईनं बघितलं. ओट्याच्या पट्टीवर चार गोल काढलेले होते. बरं वाटलं. मग तिची नजर सहज खाली सरकली. जिन्याखाली, मागच्या अंगाला, आणखी एक बोटभर पट्टी होती आणि तिच्यावर दोन गोल होते.

तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गोल बारके होते, पण होते.

दुसरी चूल! 

अहो, जी एक गोष्ट टाळायला तिनं एवढा आटापिटा केला, तीच ही. मांजरी गावातलं राहतं घर आणि त्यामागची जागा बिल्डरला गेली तेव्हा त्यानं मोबदल्यात नव्या इमारतीत तीन फ्लॅट देऊ केले होते. एक वेणूबाईच्या नवऱ्याला, बजरंगाला. एक धाकट्या दिराला, जयसिंगाला. आणि एक पोरासुनेला, म्हणजे विक्रम-तेजस्विनीला. सगळ्यांचे चेहरे कसे उजळले होते. एकटी वेणूबाई उठून उभी राहिली. "तीन फ्लॅट म्हंजे तीन चुली. मी जिती हाय तोवर ह्या घरात दुसरी चूल पेटायची न्हाई." तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मग फ्लॅटऐवजी पैसे घेऊन सगळ्यांना मावेल असं एकच घर शोधायचं ठरलं. बजरंगाचा मंडईत भाजीचा गाळा, पहाटे मांजरीहून यायचं म्हणजे आता जिवावर यायचं, म्हणून पेठेत शोधलं. दामल्यांचं हे घर वर्षानुवर्षं कुलपात होतं आणि मालक आमोद दामले परदेशात. पाडून नवं बांधायचं तर परवानग्यांचा व्याप मोठा. तेव्हा आहे तेच नीट करून घ्यायचं ठरलं, आणि बुधवारी रजिस्टर व्हायचं होतं.

आणि त्याच घरात कुणीतरी गुपचूप दुसरी चूल मांडून मोकळं झालं होतं!

वेणूबाई तिथल्या तिथं बोंब ठोकणाऱ्यातली नव्हती. "छान हाय, छान हाय," म्हणत ती नकाशापासून बाजूला झाली आणि एकेकाचा चेहरा न्याहाळायला लागली.

पहिला संशय अर्थातच धाकट्या जावेवर. तनुजा पतसंस्थेत नोकरीला, शिकलेली, आणि लग्न होऊन आली तेव्हापासून "आमच्याकडे असं नसायचं" हे तिच्या तोंडी. आत्ता ती मागच्या अंगणात मोरीचे फोटो काढत होती.

"कशाचे फोटो गं?"

"असेच, ताई. आधी कसं होतं आणि नंतर कसं झालं, ग्रुपवर टाकायला."

"जिन्याखालचा काढलास?"

तनुजाचा हात थांबला. क्षणभरच, पण थांबला. "तिथे काय आहे? उंदीर असतील."

"उंदीरच हाय. त्याच्याच मागावर हाय मी."

"म्हणजे?"

"नकाशात तिथं शेगडी काढलीय. कुणासाठी?"

"मला काय माहीत, ताई? मी काय आर्किटेक्ट आहे? आजकाल सगळेच लोक दुसरा छोटा ओटा काढून घेतात."

"छोटा हाय हे कसं कळलं? मघाशी तर म्हणालीस, नकाशा अजून नीट बघितलाच न्हाई."

तनुजानं मोबाईल पर्समध्ये टाकला. "ताई, ही उलटतपासणी चाललीय का? नवं घर बघायला आलोय आपण. जरा आनंदानं बघा ना." आणि ती तरातरा आत निघून गेली.

सापडली, वेणूबाई मनात म्हणाली. पण सापडली म्हणजे काय? ही एकटी असं करील एवढी धीट नव्हती. जयसिंगाची फूस असणार. तोंडावर "वहिनी, तुमच्या हातच्या कालवणाची सर नाही कशाला" म्हणायचं आणि मागून चूल मांडायची! आईवेगळ्या पोरासारखा वाढवला होता हिनं त्याला, आई धडधाकट समोर असताना. तिला असा राग आला की तिथल्या तिथं बादली लाथाडावी.

ती पुढच्या बाजूला आली. कुंपणापलीकडच्या खिडकीतून शेजारच्या गोदाबाई बघत होत्या. नऊवारी नाही, गाऊन. पण बघणं तसंच.

"आपण घेताय का हे घर?"

"व्हय. बुधवारी रजिस्टर हाय."

"किती जण?"

"सात जण. एकाच घरातले, एकाच चुलीवरचे," वेणूबाई जरा ठासूनच म्हणाली.

"बरं. पाणी सकाळीच येतं. आणि भांडायचं असेल तर दुपारी चारनंतर भांडा. आम्ही झोपतो."

"आमच्यात भांडणं न्हाई होत."

"होतील," गोदाबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

काय मेली जीभ, वेणूबाई पुटपुटली. पण शब्द टोचला तो टोचलाच.

आत येते तर तेजस्विनी दारातच उभी. एरवी ही पोर सासूच्या वाटेला जायची नाही. सकाळी लॅपटॉप घेऊन बसली की जेवायलाच उठायची. विक्रम कंपनीच्या कामासाठी बंगळूरला, म्हणून आज तीच त्याच्या वतीनं आलेली. आत्ता मात्र चेहऱ्यावर ही एवढी साखर.

"आई, ते जिन्याखालचं ना, ते वेट किचन असतं. म्हणजे मेन किचन ड्राय ठेवायचं, क्लीन, आणि तळणं-बिळणं, मासे-बिसे सगळं मागे. आता सगळीकडे तसंच करतात. टेन्शन नका घेऊ."

वेणूबाईनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"मी विचारलं व्हय तुला?"

"नाही, म्हणजे... तनुजाकाकू म्हणाल्या, तुम्ही जरा अपसेट आहात."

अस्सं! तनुजाचं आणि हिचं गेल्या दिवाळीपासून धड बोलणं नव्हतं. एका ओट्यावर दोघी आल्या तर भांड्यांचा आवाज गल्लीपर्यंत जायचा. आणि आता एकदम एकीचं तोंड दुसरीच्या कानाला लागलं! ज्या घरात न बोलणारी माणसं अचानक बोलायला लागतात, तिथं काहीतरी शिजत असतं. आणि जे शिजतंय ते आपल्या चुलीवर नाही, हे वेणूबाईला स्वच्छ दिसत होतं.

आता एकच आधार राहिला होता, सासू. ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत मथुराबाई काठी मांडीवर आडवी घेऊन बसली होती. मथुराबाईचा स्वतःचा धाकटा दीर वेगळा झाला तेव्हा हिनं आठ दिवस अन्न सोडलं होतं, ही गोष्ट मांजरीत अजून सांगतात. एक चूल हा मंत्र वेणूबाईला दिला तो हिनंच. ती सासूजवळ टेकली.

"आत्याबाई, घर फुटतंय बघा. जिन्याखाली दुसरी चूल काढलीय. तनुजानं काढाय लावली आसंल. तुम्ही एक शब्द टाका. तुमच्या शब्दाबाहेर जयसिंगभावजी जायाचे न्हाईत."

मथुराबाईनं रस्त्याकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं.

"आसंल काढलेली. एवढं मोठं घर हाय, पडून राहील एका कोपऱ्यात."

"पडून राहील? आत्याबाई, चूल हाय ती! दुसरी चूल!"

"कळलं की गं. वरडतीस कशापायी? मला जरा पाणी दे."

वेणूबाईनं पाणी दिलं. आठ दिवस अन्न सोडणारी बाई आज पाणी मागत होती! म्हातारीलाही फितवली कुणीतरी. कशानं फितवली, कधी फितवली? मागच्या आठवड्यात तनुजा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, तेव्हाच असणार. एवढा वेळ डोळे तपासायला लागतात का कुठं?

राहता राहिला नवरा. बजरंग पुढच्या खोलीत एका नाण्यानं भिंत ठोकून कुठं पोकळ वाजतंय ते बघत होता.

"अहो, जिन्याखाली काय हाय?"

"जिना," बजरंग भिंतीकडे बघतच म्हणाला.

"जिन्याखाली जिना?"

"म्हंजे मोकळी जागा. वाईच सोय."

"कसली सोय?"

"आता पाव्हणारावळा आला म्हंजे..."

"पाव्हणा जिन्याखाली बसून रांधून खाणार हाय व्हय?"

बजरंगानं नाणं खिशात टाकलं आणि दुसरीकडे जायला निघाला. मंडईत गिऱ्हाइकाला कवडीमोल वांगी सोन्याच्या भावानं विकणारा हा माणूस. घरात मात्र याला एक खोटं धड रेटता यायचं नाही. वेणूबाईनं त्याच्या पाठीकडे बघितलं आणि तिचा संयम संपला. सगळ्यांना ठाऊक होतं. आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आपल्यावर आणि बाकीचे सगळे डोळे उघडे ठेवून आजूबाजूला नाचतायत!

तिनं पदर खोचला आणि सरळ नकाशापाशी गेली. "सगळी इकडं या. आत्याबाई, तुम्हीबी या. पोरी, तू खरं सांग. हे दोन गोल तुला कुणी काढाय सांगितले?"

आम्रपालीनं सगळ्यांकडे पाहिलं. तेजस्विनी मागून मानेनं नको नको करत होती. पण पोरगी सरळ स्वभावाची.

"काकू, मला वाटलं तुमचं आपापसात बोलणं झालं असेल. मला फोन आले होते."

"फोन? एक न्हाई?"

"तीन. वेगवेगळे. आधी आजींचा आला."

सगळ्यांच्या माना मथुराबाईकडे वळल्या. सगळ्यात आधी तनुजाच ओरडली, "आत्याबाई, तुम्ही?"

"मग? तू न्हाई केलास व्हय?" म्हातारी ठसक्यात म्हणाली, आणि तनुजाचा चेहरा पडला.

"मग तनुजाताईंचा. आणि मग सरांचा."

"सर कोण?" बजरंगानंच विचारलं. मंडईत त्याला कुणी सर म्हणत नव्हतं. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"आजींना त्यांच्या खोलीत ओटा हवा होता, ताईंना वरच्या मजल्यावर आणि सरांना गच्चीत. मी म्हटलं, तीन कशाला, सगळ्यांना मिळून एक जिन्याखाली काढते. आणि तिघांनीही सांगितलं होतं की काकूंना बोलू नका. मी फक्त तेजस्विनीला सांगितलं, तीही म्हणाली की सध्या नको."

"म्हंजे फोन न करणारा मी एकटाच राहिलो की!" गच्ची बघून नुकताच खाली आलेला जयसिंग हसला. कुणीच हसलं नाही.

वेणूबाई एक चोर शोधायला निघाली होती. इथं अख्खं घरच निघालं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला.

"एवढं वाईट लागतं व्हय माझ्या हातचं?"

"वाईट कुठं गं," मथुराबाई म्हणाली. "तुझ्या हाताला चव हाय. पण एखाद्या दुपारी वाटतं, वाईच पिठलं टाकावं. तर तुला इचारावं लागतं."

"मी न्हाई म्हटलंय कधी?"

"कधीच न्हाई. इचारलं की लगीच उठतीस आन् तूच करून देतीस. मला पळीला हात लावू देत न्हाईस. हात हायेत की गं अजून माझे."

"मी कामावरून येते," तनुजा हळूच म्हणाली, "चहा टाकायला ओट्याशी गेले की तुम्ही म्हणता, सरक, मी टाकते. प्रेमानंच म्हणता, मला कळतं. पण ताई, इतकी वर्षं झाली, त्या घरात साखरेचा डबा कुठला ते मला अजून सांगता यायचं नाही."

"आन् तुम्ही हो?" वेणूबाई नवऱ्याकडे वळली.

"मला आपली भजी तळावी वाटतात. कधीमधी."

"डॉक्टरांनी न्हाई सांगितलंय तुम्हाला!"

"म्हणूनच तर गच्चीत म्हटलं."

दुसरा दिवस असता तर याच्यावर घर हसून लोळलं असतं. वेणूबाई मात्र आम्रपालीच्या पेन्सिलीकडे बघत उभी होती. तिला वाटत होतं, आपण या माणसांना धरून ठेवलंय. कुणाला काय पचतं, कुणाला भाकरी मऊ लागते, कुणाचा उपास कधी, सगळं तोंडपाठ. आणि ही माणसं एकेक करून त्या परक्या पोरीला फोन करत होती, हळू आवाजात, कोपऱ्यात तोंड घालून.

मथुराबाईनं काठी टेकली आणि जवळ येऊन उभी राहिली. "तुझा दोष न्हाई. मी बी तुला असंच केलं. नवी आलीस तवा मीठसुदा मला इचारून घ्यायचीस. एक चूल, एक चूल म्हणतो आपण. पण चूल एक आसली की धनीण बी एकच आसती. बाकीची सारी पाव्हणी. माझी सासू जिती व्हती तवर मी पाव्हणी, आता तू हायेस म्हणून पुन्हा पाव्हणी. मधी चार दिस तेवढी धनीण झाले."

वेणूबाई नकाशावरच्या त्या दोन गोलांवरून बोट फिरवत राहिली.

बजरंग पुढे झाला. "जाऊ द्या. खोडून टाक गं पोरी ते. हिला नको तर नको. हिच्या मनाविरुद्ध मला रजिस्टर करायचं न्हाई."

"हो हो, खोडून टाका," तनुजा म्हणाली. "एकच राहू दे."

"राहू दे एकच," मथुराबाईही म्हणाली. "तू म्हणशील तसं, वेणू."

तू म्हणशील तसं! किती पटकन सगळे कबूल झाले. दुसरी भाकरी मागताना हाच आवाज असायचा त्यांचा, आणि तो आपल्याला मायेचा वाटत आला. वेणूबाईच्या जिवाला ते इतकं लागलं की तिनं भिंतीला हात टेकला. भिंतीचा पोपडा हातात आला. आम्रपालीनं खोडरबर काढलं होतं.

"थांब," वेणूबाई म्हणाली. "खोल्या वाच आधी. कुठली कुणाची ते."

"ही आजींची. वर जयसिंगसर आणि तनुजाताई. त्यांच्या शेजारी विक्रम-तेजस्विनी. आणि ही सरांची मास्टर बेडरूम."

"आन् माझी?"

"सरांची म्हणजे तुमचीच ना, काकू."

"कपाट कुठं पायजे ते कुणी सांगितलं तुला?"

"सरांनी."

"आत्याबाईंनी काय सांगितलं?"

"बाथरूमला धरायला दांडा. आणि खाट खिडकीशी."

"तनुजानं?"

"पुस्तकांना जागा, आणि बसायला छोटी बाल्कनी."

"माझ्यापायी कुणी काय सांगितलं?"

आम्रपालीनं नकाशावरून बोट फिरवलं. पुढच्या दारापासून मागच्या मोरीपर्यंत फिरवलं. "किचनची खिडकी पूर्वेला," ती म्हणाली, मग थांबली. "ती मीच काढली, काकू."

बजरंग हातातली टोपी फिरवत राहिला.

"तुमचा फोन नाही आला ना," आम्रपाली सावकाश म्हणाली.

"न्हाई आला खरा." वेणूबाईनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि खोचलेला पदर सोडला. "गोल राहू देत. बुधवारचं रजिस्टर होऊ द्या." मग तिनं कनवटीचा मोबाईल काढला. "सांग तुझा नंबर."

"ताई, माझ्याकडे आहे ना, मी देते," तनुजा लगबगीनं म्हणाली.

"तुझ्याकडचा नको."

आम्रपालीनं एकेक आकडा सांगितला आणि वेणूबाईनं एकेक दाबला, चुकला तिथं पुन्हा दाबला. सगळं घर तोवर उभं होतं. मग मोबाईल कनवटीला लावून ती दाराकडे निघाली, आणि उंबऱ्यात वळून पोरीला म्हणाली,

"उद्या करते फोन. सवडीनं बोलू. आन् हे बघ, ह्यांच्यातल्या कुणाला काय सांगू नकोस."